शिवीतलं आयोडीन

फ्रान्समधल्या ल्यों शहरात पंधरा वर्षं काढलेला माझा मावसभाऊ गाडी चालवताना दोन भाषांत शिव्या देतो. गेल्या खेपेला मी त्याच्या शेजारी बसलो होतो. एक पोरगा स्कूटर घेऊन उजवीकडून घुसला, आमचा आरसा घासून गेला, आणि हा काच खाली करून ओरडला, "क्रेतँ!" मग काच वर करता करता, सवयीने, "गाढव कुठला." मी विचारलं, त्या क्रेतँचा अर्थ काय रे? म्हणाला, "अर्थ काय असायचाय? मठ्ठ. बिनडोक." राग जास्तच आला तर तिथले लोक शिवीला शेपूट लावतात म्हणे: ‘क्रेतँ देझाल्प’, म्हणजे आल्प्समधला क्रेतँ. पण आल्प्समधलाच का? सह्याद्रीतला का नाही? ते त्याला माहीत नव्हतं. शिवी देणाऱ्याने तिची चौकशी करत बसावी अशी अपेक्षाही नसते.

मी मात्र करत बसलो. इटालियनात क्रेतीनो, स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये तेच, पोलिश आणि रशियनमध्ये थोड्या उच्चारभेदाने क्रेतिन, जर्मन, रुमानियन, इंग्रजी सगळीकडे हाच शब्द. लिस्बनपासून मॉस्कोपर्यंत माणसं एकमेकांना एकाच शब्दाने मूर्ख म्हणतात, आणि तो शब्द मुळात आहे ‘ख्रिस्ती’.

लॅटिनमधल्या क्रिस्तियानुसचं फ्रेंचमध्ये क्रेतियँ झालं. स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात आणि आसपासच्या खोऱ्यांत जी डोंगरी बोली चालायची, तिच्यात त्याचंच रूप झालं क्रेतँ. बोलीत त्याचा अर्थ अमुक धर्माचा अनुयायी असा राहिला नव्हता, नुसता ‘माणूस’ असा होता. इटालियनात आजही ‘तिथे एक ख्रिस्ती नव्हता’ असं म्हणतात, म्हणजे आपलं चिटपाखरू नव्हतं. रशियनमध्ये शेतकऱ्याला क्रेस्त्यानिन म्हणतात, तोही मुळात ख्रिस्तीच. तर व्हॅलेतल्या गावात दाराशी बसलेला एखादा वाढ खुंटलेला, ऐकू न येणारा, बोलता न येणारा, गळ्याला गलगंड लोंबणारा जीव दिसला की गावकरी म्हणत, क्रेतँ. असा असला तरी माणूसच आहे हो बिचारा. काही जण या शब्दाचा संबंध खडूच्या लॅटिन नावाशी जोडतात, त्या माणसांच्या फिकट कातडीवरून. पण बहुतेक कोश ‘ख्रिस्ती’कडेच झुकतात आणि मलाही तेच पटतं.

पटण्याचं कारण असं की हा उताराचा रस्ता एकट्या क्रेतँने धरलेला नाही. फ्रेंचमध्ये बावळटाला ‘बने’ म्हणतात, तो शब्द ‘आशीर्वाद लाभलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला. इंग्रजीतला ‘सिली’ हजार वर्षांपूर्वी ‘धन्य’ या अर्थाचा होता. त्याचा जर्मन भाऊ ‘झेलिग’ अजून धन्यच आहे, इंग्रजीतला मात्र वेडगळ झाला. आणि आपल्याकडे? सम्राट अशोकाने शिलालेखांत स्वतःला अभिमानाने ‘देवानांप्रिय’ म्हणवून घेतलं. पुढे सतराव्या शतकातल्या ‘सिद्धांतकौमुदी’त व्याकरणकारांनी नोंदवून ठेवलं: देवानांप्रिय म्हणजे मूर्ख. देवाचा लाडका म्हणजे मूर्ख! मराठीतही ‘अगदी देवमाणूस आहे’ हे वाक्य कोणत्या सुरात म्हटलंय ते ऐकल्याशिवाय अर्थ लावता येत नाही.

ज्याच्यासाठी आपल्याला काही करता येत नाही, त्याला आपण देवाच्या हवाली करतो. त्यात माया असते, नाही असं नाही. पण हवाली केल्यावर आपले हात मोकळे होतात, आणि मोकळ्या हातांना त्याच्याकडे बोट दाखवायला फार वेळ लागत नाही.

पॅरिसमध्ये दिदरो आणि दालाँबेर यांनी काढलेल्या ज्ञानकोशाच्या चौथ्या खंडात, 1754 मध्ये, ‘क्रेतँ’ अशी स्वतंत्र नोंद आहे. दालाँबेरनेच लिहिलेली. व्हॅलेत, विशेषतः सियों या राजधानीत, अशी माणसं बऱ्याच संख्येने जन्मतात. ती बहिरी, मुकी, मंदबुद्धी असतात, मार दिला तरी त्यांना फारसं जाणवत नाही, गलगंड पार कमरेपर्यंत लोंबतात. (मार दिला तर जाणवतं का, हे कुणी आणि कसं तपासलं, हा प्रश्न त्या प्रबुद्ध मंडळींना पडलेला दिसत नाही.) पण त्याच नोंदीत पुढे आणखी एक गोष्ट आहे. तिथली भोळी माणसं या क्रेतँना कुटुंबाचे रक्षक देवदूत मानतात, आणि ज्यांच्या घरी असं कुणी नाही त्यांना वाटतं, देवाची आपल्यावर मर्जी नाही. दालाँबेर हे कौतुकाने सांगत नाही, अडाण्यांची समजूत म्हणून सांगतो. देवदूत आणि जनावर यांच्यामधली साध्या माणसाची जागा मात्र दोघांनीही रिकामी ठेवली, खेड्यातल्यांनीही आणि शहरातल्यांनीही.

दुखणं जुनं होतं. ‘आल्प्समध्ये सुजलेल्या गळ्याचं नवल कुणाला?’ असं रोमन कवी जुव्हेनाल एकोणीसशे वर्षांपूर्वी विचारून गेला. कारण मात्र कळत नव्हतं. जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ सोस्यूर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्प्स पालथा घालत होता. त्याला दिसलं की क्रेतँ उंचावरच्या गावांत नाहीत, खोऱ्यांच्या तळाशी आहेत. त्याने दोष दिला तिथल्या कोंडलेल्या, उष्ण हवेला. कुणी बर्फाच्या पाण्याला दिला, कुणी आळसाला, कुणी घाणीला, कुणी नात्यातल्या लग्नांना, कुणी आईबापांच्या दारूला. नेपोलियनच्या काळात व्हॅलेत मोजदाद झाली ती साधारण 70,000 वस्तीत 4,000 क्रेतँ अशी. दर सतरा-अठरा माणसांत एक! आणि एवढ्या मोठ्या आकड्यापुढेही बहुतेक विद्वानांची नजर पुन्हा पुन्हा त्या लोकांच्या वागण्याकडेच वळत होती.

खरा दोषी होता हिमयुग. बर्फाच्या नद्यांनी आल्प्सची वरची माती खरवडून नेली आणि तिच्याबरोबर आयोडीनही गेलं. मातीत नाही म्हणून गवतात नाही, गवतात नाही म्हणून दुधात नाही, बटाट्यात नाही, आईच्या रक्तात नाही. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला संप्रेरक बनवायला आयोडीन लागतं. ते मिळेना की ग्रंथी फुगते, ते गलगंड. आणि गरोदर बाईलाच ते मिळालं नाही तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची घडण अर्धवट राहते, ती नंतर भरून येत नाही. माणसाला दिवसाला लागतं ते 150 मायक्रोग्रॅम. सबंध आयुष्याचं एकत्र केलं तर चहाचा एक चमचा भरेल न भरेल. या एका चमच्याअभावी ज्यांची आयुष्यं गेली, त्यांच्या नावाने आज स्कूटरवाल्यांना शिव्या दिल्या जातात.

उपाय सापडण्याची गोष्टही शहाण्यांना फार शोभा देणारी नाही. 1811 मध्ये बर्नार कुर्तवा या फ्रेंच कारखानदाराला समुद्री शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडलं. 1820 मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरने गलगंडावर आयोडीन देऊन पाहिलं आणि गाठी विरघळल्या. पण मात्रा भलत्याच मोठ्या, लोकांची हृदयं धडधडू लागली, वजनं उतरली, आणि औषध बदनाम झालं. मग पुढची शंभर वर्षं समित्या, अहवाल, वाद. 1918 मध्ये व्हॅलेतल्याच ऑटो बायार्ड नावाच्या खेड्यातल्या डॉक्टरने ग्रेखेन गावातल्या काही कुटुंबांना मिठात आयोडीनचा अगदी किंचित अंश मिसळून दिला, घरात नेहमी वापरतात तसं वापरा म्हणाला, आणि काही महिन्यांनी गळे मोजले. गलगंड उतरत होते. 1922 मध्ये हान्स एगेनबर्गर या शल्यविशारदाच्या खटपटीने आपेनत्सेल आउसररोडेन या छोट्या परगण्यात आयोडीनयुक्त मीठ विकायला आलं, आणि त्याच वर्षी देशाच्या गलगंड आयोगाने तशी शिफारस केली. तेव्हाचे मोठे प्राध्यापक साशंकच होते. पुढे स्विस डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा 1930 नंतर जन्मलेला एकही नवा क्रेतँ त्यांना आढळला नाही. शतकानुशतकं चाललेलं दुखणं जेमतेम आठ-दहा वर्षांत संपलं.

शिवी मात्र उरली. एकोणिसाव्या शतकात ती डॉक्टरांच्या वह्यांतून रस्त्यावर उतरली होती, आणि आजार गेल्यावर आणखी सोपी झाली, कारण आता ऐकून दुखावणारं कुणी डोळ्यांसमोर नव्हतं.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे आपल्याकडे शब्द बदलण्याचा जो उत्साह आहे, तो. कोणत्या शब्दाऐवजी कोणता शब्द वापरायचा यावर परिपत्रकं निघतात, पाट्या रंगवल्या जातात, भाषणात जुना शब्द निसटला की माफी मागितली जाते. माझा त्याला विरोध नाही. पण क्रेतँची गोष्ट समोर ठेवली तर एक कबूल करावं लागतं: चांगला शब्द माणसाला वाचवत नाही. ‘माणूस’ आणि ‘ख्रिस्ती’ याहून सभ्य शब्द त्या खेड्यांकडे नव्हता, आणि त्याचीच शिवी झाली.

विज्ञानाने मायेऐवजी मोजमाप आणलं, त्याचीही गत तीच. ‘इडियट’ हा ग्रीक शब्द मूळचा ‘सार्वजनिक पद नसलेला, खाजगी माणूस’ अशा अर्थाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञांनी तो शास्त्रीय संज्ञा म्हणून वापरला: मानसिक वय तीनच्या खाली ते इडियट, तीन ते सात इंबेसाइल, आणि आठ ते बारासाठी हेन्री गॉडर्डने 1910 मध्ये ग्रीकमधून नवा कोरा शब्द घडवला, मोरॉन. कोणताही डाग नसलेला, प्रयोगशाळेत तयार झालेला शब्द. तो शाळेच्या मैदानावर पोचायला किती दिवस लागले असतील? 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका तरुणीची सक्तीची नसबंदी मान्य केली, तेव्हा न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं की इंबेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. तिथे तो शब्द शिवी म्हणून नव्हे, संज्ञा म्हणूनच आला होता, आणि मला तर तो कोणत्याही शिवीपेक्षा भयंकर वाटतो. आपलाही 1912 चा ल्युनसी कायदा वेड्याची व्याख्या करताना ‘इडियट’ हा शब्द वापरायचा, आणि 1987 चा नवा कायदा येईपर्यंत तो पुस्तकात होता.

ब्रिटनमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी काम करणाऱ्या ‘स्पास्टिक्स सोसायटी’ने 1994 मध्ये नाव बदलून ‘स्कोप’ केलं, कारण पोरं एकमेकांना ‘स्पास्टिक’ म्हणून चिडवायला लागली होती. मुंबईत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उभ्या राहिलेल्या ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’नेही पुढे ‘अडॅप्ट’ हे नाव घेतलं. मराठीत वेडा, खुळा हे शब्द नकोत म्हणून ‘मतिमंद’ आला. चांगला संस्कृत, सौम्य शब्द. आज कोणत्याही कॉलेजच्या कट्ट्यावर कान देऊन बसा: "मंद आहेस का?" मतीही गाळली, मंद तेवढं ठेवलं. मग ‘विशेष’ आला. तोही वर्गात डोळा मारून ‘स्पेशल आहे रे तो’ असा ऐकू येतो. आता ‘दिव्यांग’ आहे. 2016 च्या कायद्याच्या हिंदी नावात तो बसला, 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्या नावाचा स्वतंत्र विभागही काढला. दिव्य अंग! देवाच्या हवाली करण्याचा हा पुन्हा तोच प्रकार आहे, आणि क्रेतँ, बने, सिली, देवानांप्रिय यांच्या रांगेत हा शब्द किती वर्षांत जाऊन उभा राहील, याची मला धास्ती वाटते. (आपल्या ‘ढ’चं त्या मानाने बरं आहे. त्याला बिचाऱ्या एका अक्षराखेरीज कुणाचं दुखणं चिकटलेलं नाही.)

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. ज्या आईला शाळेच्या दाखल्यावर, बसच्या पासवर, सरकारी अर्जावर रोज तो शब्द वाचावा लागतो, तिला शब्दाने फरक पडत नाही असं सांगणारा मी कोण? 2024 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने चित्रपटांतल्या अपंगांच्या चित्रणाबद्दल निकाल देताना नेमकं हेच सांगितलं, की काही शब्द समाजाच्या मनात माणसाची किंमत कमी करतात. हे मान्य. कागदावरचा अपमान काढून टाकलाच पाहिजे, आणि तो काढायला पैसाही लागत नाही. पण माझी अडचण तिथेच आहे. पैसा लागत नाही म्हणूनच तो उपाय आधी होतो. पाटी बदलली की काम केल्याचं समाधान मिळतं, फोटो निघतो. मिठात काय मिसळलंय याचा फोटो निघत नाही.

मिठाचा विषय आपल्याकडे संपलेला नाही. हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा हा आपला आल्प्स. कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग केले, दोन भागांना आयोडीनचं मीठ, एकाला साधं. काही वर्षांत दोन्हीकडचे गलगंड झपाट्याने कमी झाले, तिसरा भाग होता तसाच राहिला, मग त्यालाही ते मीठ दिलं आणि तिथेही उतार पडला. (1973 मध्ये निघालेल्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत देव आणि करमरकर ही दोन मराठी आडनावं आहेत, ती वाचून मी उगाचच खूश झालो.) 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज दुकानातल्या मिठाच्या पुड्यावर हसऱ्या सूर्याची ती खूण असते, ती या सगळ्या खटाटोपाची.

आता माझ्या ओट्यावर बघा. तीन बरण्या आहेत. एकीत पुड्याचं मीठ. दुसरीत गुलाबी सैंधव, आमच्या सोसायटीतल्या काकूंनी ‘हे नॅचरल, ते केमिकल’ असं बजावून आणायला लावलेलं. तिसरीत लोणच्यासाठी ठेवलेलं मिठागरातलं जाडं खडेमीठ. शेवटचं समुद्राचं आहे म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असं मीही कालपरवापर्यंत समजत होतो. नसतं, समुद्राच्या पाण्यातून मीठ बनताना त्यात राहणारं आयोडीन नगण्य असतं. सैंधवातही नसतं. नैसर्गिक म्हणाल तर व्हॅलेतल्या खेड्यांचं खाणं त्याहून नैसर्गिक होतं: स्वतःच्या शेतातलं, स्वतःच्या गाईचं, केमिकलचा लवलेश नसलेलं. काकूंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्ही मासे खातो. ते त्यांच्यापुरतं बरोबर आहे. पण त्यांची बरणी बघून सैंधव आणणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या गरोदर सुनेचं घर शाकाहारी आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी शब्दांच्या वादात कुठेच ऐकू येत नाही. आयोडीन पुरेसं मिळूनही काही बाळांची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नाही. आपल्याकडे साधारण हजारामागे एक. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासला, आणि पहिल्या पंधरवड्यात रोजची एक छोटी गोळी सुरू केली, की ते मूल इतर चार मुलांसारखं वाढतं. उशीर झाला तर नाही. युरोपात अनेक देशांत ही तपासणी कित्येक दशकं सगळ्या बाळांची होते. गोव्याने 2008 मध्ये सरकारी रुग्णालयांत तशी योजना सुरू केली होती. बाकी बऱ्याच ठिकाणी ते डॉक्टरवर, गावावर आणि नशिबावर अवलंबून आहे.

गेल्या वर्षी माझी पुतणी एका तालुक्याच्या गावी बाळंत झाली. दवाखाना चांगला, डॉक्टर मनमिळाऊ, भिंतीवर ‘दिव्यांग व्यक्तींना प्राधान्य’ असा फलक. टाचेच्या तपासणीचं आम्हीच विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, कुणी मागितली तर करतो, शहरात पाठवावं लागतं. मग एक गोल छापलेला जाड टीपकागदाचा तुकडा शोधून आणला गेला, बाळाची टाच गरम कापडाने शेकली, सुई टोचली, आणि तो थेंब गोलात पसरून वाळेपर्यंत आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे होतो. रिपोर्ट सहाव्या दिवशी आला, ठीक होता. तोपर्यंत पाच दिवस बाळाची पणजी, जिला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं, बाळाला मांडीवर घेऊन टाळूवर तेल थापत होती आणि गात होती, "येडं गं माझं ते, येडं गं बाई."